कोणाच्या हाती सोपवून परतायचं?

समर्थक : परक्या देशात सैन्य पाठवणं कोणत्याही परिस्थितीत गैरच, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला १९७१चं काय करायचं ते कळत नाही. डिसेंबर १९७०मध्ये पाकिस्तानात प्रौढ मतदानावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पूर्व भागातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या, म्हणजे सबंध देशाच्या संसदेत तिला बहुमत मिळालं. ज्यांनी सत्ता सोपवायची त्या लष्करी राज्यकर्त्यांनी २५ मार्चच्या रात्री ढाक्यावर रणगाडे घातले. विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलमधले विद्यार्थी मारले गेले, राजारबागच्या पोलिसांना त्यांच्याच वसाहतीत घेरलं गेलं आणि निवडून आलेले अवामी लीगचे नेते शेख मुजीब कैदेत गेले. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले कराचीचे पत्रकार अँथनी मस्करेन्हस यांना लष्कराने आपली बाजू लिहून यावी म्हणून पूर्वेला नेलं होतं. त्यांनी जे पाहिलं ते कराचीत छापणं शक्य नव्हतं. आधी बायकामुलांना देशाबाहेर काढून मगच, १३ जून १९७१ला, त्यांनी ते लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर लाखो माणसं सीमा ओलांडून भारतात आली होती. पुढे हा आकडा एक कोटीच्या आसपास गेला. कोलकात्याच्या कडेला सॉल्ट लेकच्या छावणीत गटारांसाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या नळांत कुटुंबंच्या कुटुंबं राहत होती, आणि पावसाळा लागताच छावण्यांत पटकी पसरली. हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न आहे, असं त्या नळात राहणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? राज्याला सार्वभौम म्हणायचं ते त्याच्या प्रजेच्या वतीने. प्रजेचा कौल झुगारून तिच्यावरच बंदुका रोखणाऱ्याला तो हक्क उरत नाही, आणि शेजारी मध्ये पडला तर ते आक्रमण ठरत नाही.

साशंक : त्या बाईला मी काहीच सांगू शकणार नाही, हे आधी कबूल करतो. पण तुम्ही सांगितलेल्या तारखांच्या पुढच्या तारखाही बघा. कत्तल सुरू झाली मार्चमध्ये. भारताचं सैन्य उघडपणे उतरलं डिसेंबरात. मधल्या आठ महिन्यांत बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली गेली, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, पूर्वेच्या नद्यांचा पूर ओसरू दिला आणि चीनकडच्या खिंडी बर्फाने बंद होण्याची वाट पाहिली. लष्करी दृष्टीने हे शहाणपणाचं होतं. पण बुडणाऱ्याला वाचवायला धावलेल्या माणसाचं हे वेळापत्रक नव्हे. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं, असं आपण शाळेत शिकतो. गरीबपूरची लढाई मात्र २० आणि २१ नोव्हेंबरची आहे आणि ते गाव सीमेपलीकडचं. पुढे ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या या ठरावावर मतदान झालं. ठरावाच्या बाजूने १०४ देश, विरोधात ११. त्या ११मध्ये भारत आणि सोव्हिएत गट सोडला तर उरला एकटा भूतान. अलिप्ततावादी चळवळीतले आपले कितीतरी सोबती त्या १०४मध्ये होते. त्या सगळ्यांना बंगाली माणसांचं दुःख दिसत नव्हतं, असं मला वाटत नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, आतून दुभंगलेल्या देशांना एकच भीती होती: आज चांगल्या कारणासाठी हे दार उघडलं तर उद्या त्यातून कोण आत येईल? ही भीती खोटी नव्हती. १९३८मध्ये हिटलरने सुडेटनलँड मागितला तो तिथल्या जर्मनांवर अत्याचार होताहेत असं सांगून. २००३मध्ये इराकमध्ये घातक शस्त्रं सापडली नाहीत, तेव्हा सद्दामच्या जुलमातून सुटका हेच कारण पुढे करण्यात आलं. २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली तीही डोनबासमधला वंशसंहार थांबवतो आहोत असं म्हणत. सुटकेची भाषा ज्याच्याकडे फौज आहे त्या प्रत्येकाला बोलता येते. म्हणून तर निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६मध्ये स्पष्ट सांगितलं, की मानवी हक्क जपण्यासाठी बळाचा वापर हा योग्य मार्ग असू शकत नाही.

समर्थक : हेतू निर्मळ असेल तरच मदत करायची, असा दंडक घातला तर जगात कोणीच कोणाला वाचवणार नाही. भारताला पाकिस्तान दुबळा झालेला हवा होता, निर्वासितांचा भार पेलवत नव्हता, हे सगळं खरं. तरी १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर ती कत्तल थांबली, हेही तितकंच खरं. निर्मळ हेतूची वाट पाहण्याची किंमत काय असते ते रवांडात दिसलं. १९९४च्या एप्रिलमध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक होते. वंशसंहार सुरू होऊन दोन आठवडे होताहेत तोच, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने त्यांची संख्या २७०वर आणायचा निर्णय घेतला. तिथे ना तेल होतं, ना बंदर, ना कोणाचा स्वार्थ. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. आणि नियमाचं म्हणाल तर कंबोडिया आठवा. पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीच्या पावणेचार वर्षांत तिथे पंधरा ते वीस लाख माणसं मेली. १९७८च्या नाताळात व्हिएतनामचं सैन्य आत शिरलं ते आपल्या सीमेवरच्या गावांवर ख्मेर रूजने चालवलेल्या हल्ल्यांमुळे. कंबोडियन माणसाच्या कळवळ्याने गेलो, असा त्यांचा मुख्य दावाही नव्हता. ७ जानेवारी १९७९ला नॉम पेन्ह पडलं आणि तो कारभार संपला. यावर नियम जपणाऱ्या जगाने काय केलं? संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढची कितीतरी वर्षं पोल पॉटच्याच पक्षाकडे, नंतर तो ज्यात सामील होता त्या आघाडीकडे ठेवली. हस्तक्षेपाने मेलेल्यांची मोजदाद सगळे करतात आणि ती व्हायलाच हवी. हस्तक्षेप न केल्यामुळे मेलेल्यांची जबाबदारी मात्र कोणाच्याच खात्यावर पडत नाही. तुमचा नियम इतका स्वच्छ दिसतो तो त्यामुळेच.

साशंक : ठीक. हेतूचा मुद्दा मी सोडतो, कायद्याचाही क्षणभर बाजूला ठेवतो. पण मग त्याच देशाने, त्याच सैन्याने, सोळा वर्षांनी जे केलं त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. श्रीलंकेत १९८३च्या जुलैमध्ये तमिळांची कत्तल झाली, निर्वासित तमिळनाडूत आले, आणि पुन्हा तसंच झालं: भारताने लढणाऱ्या गटांना प्रशिक्षण दिलं, शस्त्रं दिली. ४ जून १९८७ला वेढ्यात अडकलेल्या जाफनावर आपल्या विमानांनी अन्नधान्य टाकलं. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. या वेळी तर कायद्याची बाजूही भक्कम होती. त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीच आपलं सैन्य बोलावलं होतं, आणि गेलेल्या सैन्याचं नावच शांतिसेना होतं. पण ज्याच्या हातातली शस्त्रं काढून घ्यायची होती त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर गटाची करारावर सहीच नव्हती. त्या गटाचा नेता प्रभाकरन याला दिल्लीच्या अशोक हॉटेलात ठेवून घेऊन त्याची संमती मिळवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि परत गेल्यावर ४ ऑगस्टला जाफनाजवळच्या सभेत त्याने हा करार आपल्यावर लादला असल्याचं लोकांना सांगितलं. अडीच महिन्यांच्या आत वाचवायला गेलेलं सैन्य त्याच लोकांच्या गल्ल्यांत लढत होतं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबरला वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच काळात आणखी काय घडलं तेही सांगायला हवं. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, आपलं सैन्य जाफनाच्या रुग्णालयात शिरलं. साठहून अधिक रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मारले गेले. प्रत्यक्षदर्शींच्या जबान्यांनुसार दुसऱ्या दिवशी सकाळी एक बालरोगतज्ज्ञ हात वर करून, आम्ही निरपराध डॉक्टर आहोत असं ओरडत काही परिचारिकांसोबत पुढे आले, आणि त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. लष्कराचं म्हणणं असं, की हे लोक दोन्हीकडच्या गोळीबारात सापडले. पण त्या गावात भारताचं नाव घेताना आजही हे रुग्णालय आठवतं.

आणि हे फक्त उत्तरेत. परकं सैन्य आलं म्हणून दक्षिणेतल्या सिंहली तरुणांना जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाने भडकवलं, सरकारने त्यांना चिरडलं, आणि त्या होरपळीत हजारो माणसं गेली. पुढचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय सैन्याने चालतं व्हावं असं जाहीरपणे सांगितलं, आणि आपल्याशी लढणाऱ्या एलटीटीईला शस्त्रंही पुरवली. अकराशेहून अधिक जवान गमावून शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला परतली तेव्हा मद्रासच्या बंदरावरच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्रीही गेले नाहीत. तेव्हा माझा प्रश्न असा आहे: आमसभेत १०४ मतं ज्याच्या विरोधात पडली ती मोहीम तुमच्या मते न्याय्य, आणि यजमानाच्या निमंत्रणावरून, कराराच्या कागदावर सही होऊन गेलेली मोहीम बुडाली. मग न्याय्य ठरवायचं कशावरून? निकालावरून? निकाल तर आधी कळत नाही.

समर्थक : निकालावरून नाही. दोन्हींतला फरक आधीही दिसत होता, फक्त आपण चुकीच्या ठिकाणी पाहत होतो. आपण आत कसे शिरलो, कोणी बोलावलं, गोळी आधी कोणी झाडली, हे सगळे आत शिरण्याचे प्रश्न झाले. माझ्या मते कसोटी बाहेर पडण्याची आहे: हे सगळं कोणाच्या हाती सोपवून परतायचं? १९७१मध्ये त्याचं उत्तर युद्धाच्या आठ महिने आधी तयार होतं. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या वैद्यनाथतला इथल्या आमराईत परदेशी पत्रकारांसमोर बांगलादेशाच्या सरकारचा शपथविधी झाला. ताजुद्दीन अहमद पंतप्रधान, सय्यद नझरुल इस्लाम कार्यवाहक अध्यक्ष. पुढे हे सरकार कोलकात्यातून चालत होतं आणि भारताच्या मदतीवर अवलंबून होतं, हे मान्य. पण त्याचा अधिकार भारताने दिलेला नव्हता. तो त्या १६० जागांमधून आला होता. म्हणून १० जानेवारी १९७२ला मुजीब ढाक्यात उतरल्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्नच उरला नाही. फेब्रुवारीत कोलकात्यात त्यांनी आणि इंदिरा गांधींनी भारतीय सैन्य २५ मार्चपर्यंत परतेल असं जाहीर केलं, आणि १२ मार्चला ढाक्यात निरोपाचं संचलन झालंही. विजयी सैन्य तीन महिन्यांत घरी गेलं, कारण तिथे असा कोणीतरी होता जो आता जा म्हणू शकत होता आणि ज्याचं ऐकावं लागत होतं. श्रीलंकेत असा कोणी नव्हता. म्हणून आपण एक तयार करायला गेलो. १९८८च्या नोव्हेंबरात उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका घडवून आणल्या, त्यात उत्तरेतल्या जागा लढतीशिवायच भरल्या गेल्या आणि वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. आपलं सैन्य निघालं तसं त्यांनाही देश सोडून भारतात यावं लागलं. ज्या माणसाला आपल्या सैन्याखेरीज कोणाचाच आधार नव्हता, त्याच्या हाती काय सोपवणार होतो आपण? लिबियातही हेच झालं. २०११मध्ये सुरक्षा परिषदेचा १९७३ क्रमांकाचा ठराव होता नागरिकांचं रक्षण करण्यासाठी. भारताने त्यावर मत दिलं नाही. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला. बंडखोरांच्या परिषदेला पॅरिस-लंडनने मान्यता दिली होती, पण लिबियन माणसाने एकदाही मत दिलं नव्हतं, आणि बंदुकधारी टोळ्यांपैकी अनेकींनी तिला जुमानलं नाही. तेव्हा माझी अट अशी: ज्यांना वाचवायचं त्यांचा स्वतःचा, लोकांनी आधीच मान्य केलेला प्रतिनिधी समोर असेल आणि जा म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे असेल, तरच सैन्य पाठवावं.

साशंक : ही कसोटी तुमच्या आधीच्या युक्तिवादापेक्षा कितीतरी बरी आहे, आणि मला ती जवळजवळ पटते. पण तीत दोन खाचा आहेत. पहिली अशी, की असा प्रतिनिधी आहे की नाही हे बाहेरून मदत करणाऱ्याच्या वागण्यावरही ठरतं. श्रीलंकेत कोणी नव्हता, असं तुम्ही म्हणालात. होता. १९७७च्या निवडणुकीत तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंटने १८ जागा जिंकल्या, तो सबंध देशातला प्रमुख विरोधी पक्ष ठरला, अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले. तमिळांचा कौल इतका स्पष्ट पूर्वी कधी मिळाला नव्हता. १९८३मध्ये कोलंबोने घटनादुरुस्ती करून फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केली आणि त्या खासदारांना संसदेतून बाहेर काढलं. हे त्या सरकारचं पाप. पण त्यानंतर आपण काय केलं? मतपेटीतून आलेल्यांशी चर्चा चालू ठेवली आणि शस्त्रं मात्र त्यांना बाजूला सारणाऱ्या गटांना दिली. चार वर्षांत त्या कौलाला काही अर्थ उरला नाही, आणि १९८९मध्ये अमृतलिंगम यांना एलटीटीईनेच कोलंबोत गोळ्या घातल्या. बांगलादेशातही ही वाट अगदी जवळ होती. ताजुद्दीन यांच्या सरकारला न जुमानणारी मुजीब वाहिनी नावाची वेगळी फौज भारताच्याच गुप्तचर यंत्रणेने उभी केली होती आणि ताजुद्दीन त्याबद्दल तक्रार करत राहिले. युद्ध तेरा दिवसांत संपलं म्हणून ते निभावलं. तेच तीन वर्षं चाललं असतं तर त्या आमराईतल्या सरकारचं काय झालं असतं, याचा विचार केलात? म्हणजे तुमची कसोटी सैन्य निघतानाची नव्हे. पहिली बंदूक सीमेपलीकडे जाते त्या दिवसाची आहे, आणि त्या दिवशी ती कोणी लावत नाही, कारण तो दिवस गुप्त असतो.

समर्थक : हे मी मान्य करतो, आणि त्यामुळे माझी अट अधिक कडक होते. गुप्तपणे शस्त्रं पुरवणं हाही हस्तक्षेपच मानला पाहिजे. आपण त्याला हस्तक्षेप म्हणत नाही, म्हणून त्यावर ना संसदेत चर्चा होते, ना वर्तमानपत्रांत. श्रीलंकेतलं खरं अपयश १९८७चं नसून १९८३ ते १९८७मधलं आहे, असं म्हणायला मी तयार आहे. आता दुसरी खाच सांगा.

साशंक : दुसरी तुम्हीच मघाशी पुढे आणलीत: कंबोडिया. तुमची अट १९७१ला लागू पडते, कारण तिथे मारेकऱ्यांना काम पुरं करता आलं नव्हतं. निवडून आलेले लोक जिवंत होते, सीमा ओलांडू शकले होते, विद्यापीठ, पक्ष, वर्तमानपत्रं यांतली माणसं उरली होती. पोल पॉटने यातलं काही उरू दिलं नाही. शहरं रिकामी केली, शिकलेले वेचून मारले, आपल्याच पक्षातले संशयित तुओल स्लेंगच्या शाळेत कोंडून संपवले. व्हिएतनामला हाताशी धरायला मिळाला हेंग समरिन, जो स्वतः ख्मेर रूजच्या सैन्यातून पळून आलेला अधिकारी. लोकांनी त्याला मत दिलं नव्हतं, देऊ शकलेच नसते. तुमची अट लावली तर हनोईने सीमेवरच थांबायला हवं होतं. म्हणजे जिथे संहार अर्धवट राहिला तिथे तुमची अट हस्तक्षेपाला परवानगी देते, आणि जिथे तो पूर्ण होत आला तिथे नाकारते. मारेकऱ्याने जितकं नीट काम केलं तितका तो तुमच्या नियमाने सुरक्षित. मी हस्तक्षेपाचा विरोधक आहे आणि तरीही हे मला सहन होत नाही.

समर्थक : मग तिथे दोन कामं वेगळी करावी लागतील. हत्या थांबवणं हे एक, आणि नवं राज्य उभारणं हे दुसरं. पहिल्यासाठी कोणाच्या कौलाची गरज नाही. जळत्या घरातून माणसं बाहेर काढताना घरमालक कोण, हे विचारत बसत नाहीत. दुसऱ्यासाठी मात्र कौल हवाच. व्हिएतनामने पहिलं काम करून निघायला हवं होतं.

साशंक : कधी निघायला हवं होतं? पोल पॉटचं सैन्य संपलं नव्हतं. ते थायलंडच्या सीमेवर सरकलं, तिथे त्याला चीनची शस्त्रं मिळत राहिली, आणि खुद्द चीनने १९७९च्या फेब्रुवारीत व्हिएतनामला धडा शिकवायला त्याच्या उत्तर सीमेवर हल्ला केला. व्हिएतनामी सैन्य मार्चमध्ये परतलं असतं तर एप्रिलमध्ये ख्मेर रूज नॉम पेन्हला आले असते, असं मानायला जागा आहे. म्हणून ते राहिले, १९८९च्या सप्टेंबरपर्यंत. दहा वर्षं. आणि दहा वर्षं राहिलेल्या सैन्याला सोडवणारं सैन्य म्हणत नाहीत. कंबोडियातले लोकही आज याबद्दल एकमुखाने बोलत नाहीत: ७ जानेवारी हा काहींच्या मते पुनर्जन्माचा दिवस, काहींच्या मते परक्यांच्या ताब्याची सुरुवात. बहुपक्षीय निवडणूक झाली ती १९९३मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली. तुमची दोन कामं कागदावर वेगळी होतात. प्रत्यक्षात पहिलं पुरं व्हायला दुसरं लागतं, आणि दुसरं करायचा अधिकार बाहेरच्याला नाही.

समर्थक : तर मग नियम म्हणून मी एवढंच वाचवू शकतो: ज्याला जायचं आहे त्याने एकट्याने राहू नये. हत्या थांबवणाऱ्याने लगेच ते प्रकरण संयुक्त राष्ट्रांपुढे, शेजाऱ्यांपुढे मांडावं, परतायची मुदत इतरांना ठरवू द्यावी. १९७९मध्ये जगाने ती खुर्ची पोल पॉटला न देता रिकामी ठेवली असती, तर व्हिएतनामला दहा वर्षं राहण्यासाठी सबब उरली नसती. दोष फक्त जाणाऱ्याचा नाही. गेल्यावर ज्यांनी त्याला एकटं पाडलं त्यांचाही आहे.

साशंक : पण एकटं पाडणारे तेच देश असतात ज्यांचा स्वार्थ दुसरीकडे असतो, आणि ते नेहमीच असणार. १९७१मध्ये अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूला होते, १९७९मध्ये पुन्हा तेच दोघे व्हिएतनामच्या विरोधात. तुमचा नियम जगाच्या सहकार्यावर उभा आहे, आणि जग सहकार्य करत असतं तर सैन्य पाठवायची वेळच आली नसती. तरीही मी माझी भूमिका थोडी बदलतो. परक्या देशात सैन्य पाठवणं कधीच समर्थनीय नाही, असं मी सुरुवातीला म्हणत होतो. आता म्हणेन, की जो पाठवेल त्याने हे न्याय्य आहे असा दावा करू नये. जावं लागलं तर जावं, आपण नियम मोडला हे मान्य करावं, आणि जाफनाच्या रुग्णालयासारखं जे आपल्या हातून घडेल त्याची चौकशी दुसऱ्याच्या हाती द्यावी. ती चौकशी आपण आजवर कोणाच्या हाती दिलेली नाही.

समर्थक : नियम मोडल्याचं मान्य करून जाणारा देश मला अजून दिसलेला नाही. स्वतःच्या जवानांना मरायला पाठवताना कोणतं सरकार त्यांना सांगेल, की तुम्ही जाताय ते काम न्याय्य नाही? आणि सांगितलं तर ते जातील का, जावं का? १९७८च्या डिसेंबरात हनोईतल्या कोणी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय सल्ला दिला असता, ते आधी सांगा.

साशंक : जा, असंच म्हणालो असतो. परत कधी यायचं, असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ते उत्तर नसताना जा म्हणण्याचा हक्क मला कुठून आला, तेही मला सांगता आलं नसतं.